दूरचें कीं जवळचें?

दुकानदार जे प्रश्न विचारतात त्यांत गिऱ्हाइकाला आत्मपरीक्षण करावयास लावणारा प्रश्न सहसा नसतो. कापडवाला फार तर "कितीपर्यंतचं दाखवूं?" असें विचारतो, आणि जोडे विकणारा पायाचें माप घेऊन मोकळा होतो. आपणांस आयुष्यांत काय पाहावयाचें आहे, असें या दोघांनाहि कधीं विचारावेंसें वाटत नाहीं. हा मान कॅमेऱ्याचीं भिंगें विकणाऱ्या माणसाचा आहे. कांहीं दिवसांपूर्वीं मीं डिजिटल कॅमेरा घेतला तेव्हां त्याची नुसती पेटी निवडायला मला पंधरा मिनिटें पुरलीं. या पेटीला त्या धंद्यांत 'बॉडी' म्हणतात, आणि तें नांव यथार्थच आहे. कारण भिंगावांचून ती डोळे नसलेलें शरीरच असते. पेटी बांधून देण्यापूर्वीं दुकानांतील तरुणानें सहज विचारलें, "सर, लेन्स कोणती देऊं? फोटो कशाचे काढणार तुम्ही?" कवीची दृष्टि कशावर खिळली होती हें विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यांत माझीं तीस वर्षें गेलीं आहेत, पण माझी स्वतःची दृष्टि कशावर आहे हें मला आजवर कोणी विचारलें नव्हतें. मीं उत्तर दिलें, "सगळ्याचेच." तो हंसला. त्या हंसण्यांत तुच्छता नव्हती. सगळेच असें म्हणतात, हें जाणणाऱ्या अनुभवी माणसाचा समजूतदारपणा होता. आणि त्यानें कांचेच्या फळीवर एकामागून एक अशीं पांच भिंगें मांडलीं.

भिंग हा शब्द मी सोयीसाठीं वापरीत आहें. खरें पाहतां त्या नळींत पांचसातांपासून पंधरावीसांपर्यंत भिंगें ओळीनें बसविलेलीं असतात, आणि एकानें केलेला दोष दुसऱ्यानें निस्तरावा अशी एकत्र कुटुंबासारखी त्यांची व्यवस्था असते. बाहेरच्या जगाशीं मात्र सगळा व्यवहार दोन आंकड्यांवर चालतो. पहिला आंकडा मिलिमीटरांत असतो. त्याला शास्त्रांत नाभ्यंतर म्हणतात. हा आंकडा लहान असला तर भिंगाची कव मोठी, आणि मोठा असला तर कव लहान. छत्तीस मिलिमीटर रुंद व चोवीस मिलिमीटर उंच अशा पूर्ण मापाच्या संवेदकावर २४ मिलिमीटरांचें भिंग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ८४ अंशांचा प्रदेश आणून ठेवतें; ५० चें भिंग ४७ अंशांचा, आणि ४०० चें भिंग अवघ्या ६ अंशांचा. माझ्यासारख्या मध्यमवर्गीयाच्या कॅमेऱ्यांतील संवेदक याहून लहान असल्यामुळें तेथें प्रत्येक भिंग दीडपट लांबच्या भिंगासारखें वागतें, आणि ३५ चें भिंग जवळजवळ ५० चें काम करतें. या आंकड्यांचा खरा अर्थ ज्याला समजून घ्यावयाचा असेल त्यानें कोजागिरीच्या चंद्राकडे कॅमेरा रोखावा. नाभ्यंतराला साधारणपणें ११० नीं भागलें म्हणजे जो आंकडा येतो तेवढें चंद्रबिंब संवेदकावर उमटतें. ५० मिलिमीटरांच्या भिंगांतून तो पूर्ण चंद्र अर्ध्या मिलिमीटराहूनहि लहान येतो. ४०० च्या भिंगांतून साडेतीन मिलिमीटरांहून किंचित् मोठा. दुधाच्या पातेल्यांत पाहिलेला चंद्र याहून किती तरी मोठा दिसतो, हें गच्चीवर जमलेल्या मंडळींच्या ध्यानांत लगेच येतें.

दुसरा आंकडा भिंगाच्या बाहुलीचा. डोळ्याच्या बाहुलीप्रमाणें भिंगाच्या पोटांतहि एक लहानमोठें होणारें छिद्र असतें, आणि तें जास्तींत जास्त किती उघडतें हें एफ/१.८, एफ/४, एफ/५.६ अशा आंकड्यांनीं दाखवितात. येथें वर्गांतील क्रमांकासारखा उलटा हिशेब असतो. आंकडा जितका लहान तितकी योग्यता मोठी, आणि अर्थात् किंमतहि. कॅमेऱ्याबरोबर जें स्वस्त भिंग मिळतें त्याची बाहुली लांबच्या टोंकाला एफ/५.६ च्या पलीकडे उघडत नाहीं, एफ/१.८ चें भिंग त्याच्या साडेनऊ पट प्रकाश आंत घेतें. म्हणजे पहिल्याला जेथें एक पंचमांश सेकंद लागतो तेथें दुसऱ्याचें काम सुमारें एक पन्नासांश सेकंदांत उरकतें. कागदावर हा फरक क्षुल्लक दिसतो, पण समोर मूर्ति नसून जिवंत माणूस असेल तर सगळें चित्र या फरकावर अवलंबून असतें, कारण एक पंचमांश सेकंदांत माणूस श्वास घेतो, पापणी हालवितो, "झालं का?" म्हणून विचारतोहि.

ही प्रकाशाची भूक छायाचित्रणाच्या जन्मापासूनची आहे. १८३९ सालीं दागेरची युक्ति पॅरिसमध्यें जाहीर झाली तेव्हां चेहऱ्याचें चित्र घ्यावयाचें तर माणसाला कित्येक मिनिटें निश्चल बसणें भाग होतें. पुढच्याच वर्षीं व्हिएन्नाचे गणिती योझेफ पेट्झव्हाल यांनीं एफ/३.६ च्या सुमाराचें भिंग गणितानें सिद्ध केलें आणि मिनिटांचें काम सेकंदांवर आणलें. या भिंगाचे किचकट हिशेब करण्यासाठीं त्यांना ऑस्ट्रियाच्या तोफखान्यांतील गणितांत तयार असलेले शिपाई देण्यांत आले होते. गोळा किती दूर जाऊन पडेल हें मोजण्यांत ज्यांचा जन्म जावयाचा त्यांनीं माणसाचा चेहरा जवळून कसा टिपावा याचें उत्तर काढलें, ही गोष्ट मला मोठी मौजेची वाटते.

आतां 'सगळ्याचेच' या माझ्या उत्तराचा जमाखर्च मांडूं. ज्येष्ठ महिन्यांत आळंदीहून ज्ञानोबांची व देहूहून तुकोबांची पालखी पुण्यास मुक्कामाला येते. त्या गर्दींत लांब भिंग घेऊन उभें राहायला जागाहि नसते आणि गरजहि नसते. टाळ वाजविणारा वारकरी तुमच्या छातीशीं येऊन ठेपलेला असतो. मागें सरावें तर पाठीशीं दुसरी दिंडी. येथें पसरट कवेचें, २४ किंवा २८ चें भिंग उपयोगी पडतें. त्यांत माणूस येतो, त्याच्या डोक्यावरचें पावसाळी आभाळ येतें, आणि शेजारच्या बाईच्या डोक्यावरची तुळसहि येते. परंतु तेंच भिंग घेऊन हिवाळ्यांत भिगवणला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर, रोहित पक्षी पाहायला जावें, तर पाण्यावर पिठाची चिमूट सांडली आहे एवढेंच चित्रांत दिसतें. आमच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राचे एक प्राध्यापक तेथें ५०० मिलिमीटरांचें भिंग घेऊन पहाटेपासून कोळ्याच्या होडींत बसतात. त्यांच्या चित्रांत त्या पक्ष्याच्या वांकड्या चोंचींतून निथळणारे थेंब मोजून घ्यावे.

साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर याच्या उलट अडचण. तेथें भाद्रपदांत 'सीतेचीं आसवें' या नांवाचीं निळींजांभळीं फुलें फुलतात. नांव एवढें मोठें, पण फूल करंगळीच्या नखाएवढें. आणि तें पाहावयाचें तर पाऊलवाटेवर बसकण मारावी लागते. त्याला 'मॅक्रो' जातीचें भिंग हवें. एक सेंटिमीटरचें फूल संवेदकावर एक सेंटिमीटरचेंच उमटविण्याची शक्ति या भिंगांत असते. मात्र इतक्या जवळ गेलें म्हणजे स्पष्टतेची खोली एकदोन मिलिमीटरांवर येते. पाकळी स्पष्ट झाली तर केसर पुसट, केसर साधला तर पाकळी पुसट, आणि वाऱ्याची झुळूक आली कीं दोन्ही पुसट. हरिश्चंद्रगडाचा कोंकणकडा तर आंतून पोखरलेल्या वाटीसारखा आहे. तो कांठावरून संपूर्ण टिपावयाचा म्हणजे पंधरा मिलिमीटरांच्याहि खालचें भिंग पाहिजे. कारण तेथें मागें सरायला जागा असली तरी मागें सरलें कीं कडाच दिसेनासा होतो. आणि शेवटीं राहिलें आमचें वाईचें जुनें घर. त्याच्या माजघरांत भर दुपारींहि दिव्यावांचून चालत नाहीं. एका झरोक्यांतून जो प्रकाश उतरतो तेवढ्यावर तेथलें चित्र घ्यावयाचें तर बाहुली मोठी असलेल्या भिंगाला दुसरा पर्याय नाहीं. झगमगाटी दिवा चमकवून काम भागेल. पण मग त्या खोलींतला अंधार नाहींसा होईल, आणि अंधार गेल्यावर तें आमचें माजघर राहणार नाहीं.

असा पांच भिंगांचा हिशेब झाला. त्यांची किंमत पेटीच्या किती पट झाली हें मी येथें लिहीत नाहीं. ७० ते २०० पर्यंतचें एफ/२.८ चें एकच भिंग जवळजवळ दीड किलो भरतें, हें ऐकून पत्नी म्हणाली, "अहो, एवढं ओझं घेऊन पाहायला जाण्यापेक्षां घरीं बसून आठवलेलं काय वाईट?" शिवाय आपल्याकडचा पावसाळा! दमट हवेंत पडून राहिलेल्या भिंगाच्या कांचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, आणि एकदां ती मुळावली कीं कांचेवरील लेपाला कायमचा डाग पडतो. म्हणून आषाढापासून भिंगांना हवाबंद डब्यांत, ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसमवेत ठेवावें लागतें. लोणच्याच्या बरणीइतकी काळजी घ्यावी, आणि ताटांत मात्र कांहीं यावयाचें नाहीं, असा तो संसार आहे.

या अडचणीवर दुकानदारांजवळ एक तोडगा असतो. १८ पासून २०० पर्यंत, कोठें कोठें त्याहूनहि पुढें, जाणारें एकच भिंग ते काढून दाखवितात. मळसूत्र फिरवावें आणि वारीपासून बगळ्यापर्यंत सर्व कांहीं हातीं यावें. प्रवाशाला याहून सोयीचें दुसरें भिंग नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. पण परीक्षेच्या आधीं आठ दिवस बाजारांत येणारीं मार्गदर्शकें मीं पुष्कळ पाहिलीं आहेत, आणि या भिंगाकडे पाहून मला त्यांची आठवण होते. त्यांत सगळें असतें, फक्त थोडें थोडें असतें. दूरचें दाखवितांना या भिंगाची बाहुली आकसते. कांठाकडची रेघ किंचित् वांकते. आणि माजघराच्या अंधारांत तें अगदींच हताश होतें. सगळ्यांशीं सारखें सख्य असणाऱ्या माणसाप्रमाणें त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याजोगें कांहीं नसतें, आणि अडचणीच्या वेळीं त्याच्याकडे जावें असेंहि वाटत नाहीं.

उलट, ज्यांनीं हें शास्त्र मोठें केलें त्यांपैकीं पुष्कळांजवळ निवडच नव्हती. ऑस्कर बार्नाक यांनीं रचलेला लायका हा चिमुकला कॅमेरा १९२५ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत लोकांपुढें आला तो ५० मिलिमीटरांचें एकच न निघणारें भिंग घेऊन. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनीं पुढें भिंगें बदलण्याची सोय झाल्यावरहि आपलें बहुतेक काम त्याच मापाच्या भिंगानें केलें. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या आणि भारतांतील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून मान्यता पावलेल्या होमाई व्यारावाला यांनीं रोलीफ्लेक्स कॅमेरा पुष्कळ वापरला. त्याचें भिंग तर बदलतांच येत नाहीं. स्वातंत्र्याच्या आगेंमागें दिल्लींत घडलेला केवढा तरी इतिहास त्यांनीं टिपला. जवळचें हवें असेल तर त्या जवळ जात, दूरचें हवें असेल तर दूर होत. भिंग हालत नसे, म्हणून पाय हालत.

पाय हालणें ही गोष्ट दिसते तितकी साधी नाहीं. लहान आंकड्याच्या भिंगानें चेहरा काढला तर नाक फुगतें, अशी त्या भिंगाविरुद्ध नेहमींची फिर्याद असते. पण यांत भिंगाचा कांहीं अपराध नाहीं. चित्रांत चेहरा मोठा यावा म्हणून आपण कॅमेरा त्या माणसाच्या तोंडापासून वीतदीडवीत अंतरावर नेतों. समजा, नाक कॅमेऱ्यापासून ३० सेंटिमीटरांवर आहे. कान त्याच्या मागें आणखी १२ सेंटिमीटरांवर, म्हणजे ४२ वर. तेव्हां कानाच्या मानानें नाक जवळजवळ दीडपट मोठें दिसणारच. तोच माणूस दोन मीटरांवरून पाहिला तर नाक २०० वर आणि कान २१२ वर. फरक शेंकडा सहा. म्हणून चेहऱ्याच्या चित्रांसाठीं ८५ ते १०५ चें भिंग वापरतात. त्यामुळें छायाचित्रकाराला आपोआप चार पावलें मागें व्हावें लागतें, आणि चार पावलांवरून बहुतेक माणसें बरीं दिसतात. चेहऱ्याची घडण अंतरानें ठरते, भिंग फक्त किती कापून घ्यावें तें ठरवितें. अतिपरिचयानें अवज्ञा होते असें म्हणणाऱ्यानें आणि दुरून डोंगर साजरे म्हणणाऱ्यानें एकच शास्त्र सांगितलें आहे, असें मला या आंकड्यांवरून वाटूं लागलें.

मग लांबच लांब भिंग घेऊन सगळेंच साजरें कां करूं नये? माझ्या एका पुतण्याजवळ असें भिंग आहे. त्यानें वाईच्या घाटावर पलीकडच्या तीरावरून एका धुणें धुणाऱ्या म्हाताऱ्या बाईचें चित्र घेतलें. कृष्णेच्या पाण्यावरची तिरपी उन्हें, कपाळावर आलेले पांढरे केंस, दमून क्षणभर थांबलेला हात. सगळें अप्रतिम उतरलें होतें. घरांत सर्वांनीं वाहवा केली. पत्नी मात्र चित्र बराच वेळ पाहून म्हणाली, "अरे, समोर गेला असतास तर तिनं पदर सारखा केला असता. तेवढी सवड तरी तिला द्यायचीस!" पुतण्या म्हणाला, "काकू, मग फोटो नैसर्गिक आला नसता." दोघांचेंहि खरें होतें. तेव्हांपासून लांब भिंग पाहिलें कीं मला तो पदर आठवतो. पक्ष्याला पदर नसतो. त्याच्याजवळ गेलें तर तो उडून जातो, म्हणून त्याच्यासाठीं लांबचें भिंग हाच सभ्यपणा. माणसाच्या बाबतींत मात्र दूर राहणें आणि भीड बाळगणें या दोन गोष्टी एक नव्हेत.

या विचारांत मी असतांनाच आमच्या घरांत दुसऱ्या एका भिंगाची निवड करण्याची वेळ आली, आणि ती माझ्या निवडीहून फार महत्त्वाची होती. माझी आई ब्यायशी वर्षांची आहे. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु पिकला होता. गढूळ झालेलें नैसर्गिक भिंग काढून त्याच्या जागीं सहाएक मिलिमीटर रुंदीचें कृत्रिम भिंग बसवितात, हें आतां सर्वांस ठाऊक आहे. परंतु तेथेंहि निवड करावी लागते हें मला ठाऊक नव्हतें. साधें भिंग एकाच अंतरावरचें स्पष्ट दाखवितें. दूर व जवळ दोन्ही दाखविणारीं भिंगेंहि निघालीं आहेत. पण तीं आलेला प्रकाश वांटून घेतात, आणि रात्रीं दिव्यांभोंवतीं वलयें दिसण्याची तक्रार कांहीं जण करतात. म्हणजे येथेंहि तें अठरा ते दोनशेंचें प्रकरण होतेंच! डॉक्टरांनीं हें सगळें समजावून सांगितलें आणि विचारलें, "आजी, साधं भिंग घेतलं तर दूरचं स्पष्ट दिसायला हवं कीं जवळचं? बहुतेक जण दूरचं घेतात."

"दूरचंच घे," मीं आईला सांगितलें. "वाचायला चष्मा लावतां येईल."

"आणि दूरचं बघायला चष्मा लावतां येत नाहीं?" तिनें मला विचारलें, आणि मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "जवळचं द्या मला. माझं सगळं हातभर अंतरावर आहे. पोथी, वाती, तांदूळ निवडायचं ताट, पणतीचं तोंड. पांडवगड काय, आहे तिथंच आहे. मला दिसला काय, नि न दिसला काय."

डॉक्टर क्षणभर गप्प राहिले, आणि मग त्यांनीं कागदावर त्याप्रमाणें लिहिलें. हातभर म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोंकापर्यंत, सुमारें पंचेचाळीस सेंटिमीटर. आईनें आपल्या सगळ्या जगाचें माप एका शब्दांत दिलें होतें, आणि तें मापहि भिंगकारांना मोजून घेतां येईल असें बिनचूक होतें. मला दुकानांतील तरुणाच्या प्रश्नाचें उत्तर तीन आठवडे सुचत नव्हतें; तिला तिच्या प्रश्नाचें उत्तर द्यायला तीन क्षणहि लागले नाहींत. आपणांस काय पाहावयाचें आहे हें ती साठ वर्षें रोज पाहत आली होती.

डोळ्यांत भिंग बसविण्याची ही कल्पना १९४९ च्या नोव्हेंबरांत लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत हॅरल्ड रिड्ली यांनीं प्रथम अमलांत आणली. महायुद्धांत विमानाच्या छताचे प्लास्टिकचे बारीक तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत रुतून बसत. पण तेथें ते निरुपद्रवीपणानें राहतात, डोळा त्यांना झिडकारीत नाहीं, हें त्यांनीं पाहिलें, आणि तशाच द्रव्याचें भिंग करण्याचें त्यांच्या मनांत आलें. मला पुन्हां ते ऑस्ट्रियाचे तोफखान्यांतले शिपाई आठवले. दूरचा शत्रु टिपण्यासाठीं निघालेल्या विमानाच्या फुटक्या छतांतून अखेर निष्पन्न काय झालें, तर वाईच्या एका माजघरांतील म्हातारीला तांदळांतला खडा दिसूं लागला.

दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया महिन्याभराच्या अंतरानें पार पडली. मध्यंतरीं मींहि माझें भिंग घेऊन टाकलें: ३५ मिलिमीटरांचें, एफ/१.८ चें, न ताणलें जाणारें, कोटाच्या खिशांत मावणारें. दिवाळींत वाईला गेलों तेव्हां आई झरोक्याखालीं वाती वळीत बसली होती. तिचा चेहरा चौकटींत नीट बसावा म्हणून मला तिच्यासमोर, जवळजवळ गुडघ्याला गुडघा लावून, पाटावर बसावें लागलें. इतक्या जवळ मी तिच्यासमोर किती वर्षांत बसलों नव्हतों! तिनें पदर सारखा केला, चष्मा नाहीं म्हणून उगीच नाकाला हात लावला, आणि मग माझ्याकडे विसरून जाऊन पुन्हां वाती वळूं लागली. तेव्हां मीं चित्र घेतलें. कॅमेऱ्याच्या पाठीवरील पडद्यावर तें दाखविलें तेव्हां तिनें तो कॅमेरा घेऊन बरोबर हातभर अंतरावर धरला आणि बराच वेळ पाहून विचारलें, "माझ्या आईचा फोटो तुला कुठं सांपडला रे?"

तिच्या आईचें एकहि छायाचित्र कोणाजवळ नाहीं. मोतीबिंदूनें आरसा धुरकट झाल्याला पांचसहा वर्षें झालीं होतीं. तेवढ्या काळांत ती आपल्या आईच्या वयाची झाली, आणि तें तिनें पाहिलें नव्हतें.

निवड म्हटली कीं कांहीं तरी सोडावें लागतें, हें तिच्या भिंगालाहि चुकलें नाहीं. दूरचा चष्मा ती करवून घेऊनहि खुंटीला अडकवून ठेवते. त्यामुळें ओसरीवर बसली असतां दिंडीदरवाजांतून कोण आंत येत आहे हें तिला उमगत नाहीं. ती "कोण आहे?" म्हणून विचारते, आणि पोस्टमन, भाजीवाली व मी, तिघेहि तिच्या दृष्टीनें त्या अंतरावर सारखेच. मला पहिल्यानें याचें वाईट वाटलें. आतां मी दारांतून नांव सांगत नाहीं. अंगण ओलांडून पायऱ्या चढतों आणि तिच्यासमोर बसतों. तेथपर्यंत पोंचलों कीं तिचा चेहरा उजळतो. आणि तो उजळतांना पाहावयाचा तर जगांतील कोणतेंहि लांब भिंग उपयोगाचें नाहीं, कारण दूर असतांना तो उजळतच नाहीं.

माझ्या भिंगानेंहि मला असेंच बांधून घेतलें आहे. यंदा भिगवणचे रोहित पक्षी माझ्या चित्रांत पिठाची चिमूटच राहतील, आणि कोजागिरीचा चंद्र टांचणीच्या डोक्याहून लहान. प्राणिशास्त्राचे प्राध्यापक आपल्या होडींत मला जागा देतात. त्यांच्या भिंगांतून मी तें सारें पाहून घेतों आणि आनंद मानतों. पक्षी ज्यांचे आहेत त्यांनीं पक्ष्यांसाठीं भिंगें घ्यावींत. कोणतें भिंग घ्यावें असें आतां कोणी विद्यार्थी मला विचारूं लागला तर मी त्याला मिलिमीटर किंवा एफचे आंकडे सांगत नाहीं. तुझीं माणसें, तुझीं फुलें, तुझीं पाखरें, जीं कांहीं तुझीं असतील तीं, तुझ्यापासून किती अंतरावर आहेत तें आधीं मोजून ये, एवढेंच सांगतों. तें अंतर ठरलें कीं पुढचें सर्व कोष्टकांत छापलेलें आहे.